फाट्यावर मी उजवीकडे वळले

मी साबी बोलतेय. साबी म्हणजे गंज. नांगराचा फाळ पावसात पडून राहिला की त्याला जो रंग येतो, तो माझ्या पाठीचा रंग. म्हणून म्हाताऱ्यानं हे नाव ठेवलं. कुरवाळायला पुढे येणार असाल तर आधीच सांगते, मी चावते. दहा वर्षांत चार माणसांना चावलेय आणि त्यातल्या एकाचंही मला वाईट वाटलेलं नाही.

माझा जन्म जपानच्या उत्तरेकडच्या तोकाचीतला, कुनिएदांच्या शेतावरचा. मार्च महिना होता, जमीन अजून दगडासारखी गोठलेली. आम्ही सहा होतो. तिसऱ्या दिवशी आई झोपेत आमच्यावरच कलंडली आणि मी एकटी उरले. शेताच्या मालकानं, म्हाताऱ्या सेनकिचीनं, मला कोटाच्या आत घातलं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं. त्या कोटाला रॉकेलचा आणि सुकवलेल्या माकूळ माशाचा वास यायचा. माझे कान उघडले तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो त्याचा. तो आवाज काही मऊ नव्हता. कुणावर तरी ओरडत होता.

आमच्याकडचे कुत्रे बर्फावरच्या गाड्या ओढतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरात शेतं मोकळी झाली की मातीवरच्या शर्यती लागतात. तीन चाकांचा गाडा, त्याच्यावर उभा हाकणारा, पुढे दोन-दोनच्या जोडीनं चार कुत्रे. गाड्याला ब्रेक असतो, लगाम नसतो. म्होरक्याला तोंडानं सांगायचं. "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे. आम्हाला ताब्यात ठेवायला माणसाकडे एवढंच असतं, एक आवाज.

वर्षाच्या आतलं पिल्लू शर्यतीत उतरवायचं नाही असा नियम आहे. म्हाताऱ्यानं कागदावर माझा जन्म चार महिने मागे ढकलला आणि मला दहाव्या महिन्यातच जुंपलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला पळायचंच होतं. दुसऱ्या वर्षी मी म्होरकी झाले. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी आमचा गाडा पहिला आला. शर्यत संपली की तो माकूळची एक पट्टी दातानं तोडायचा, अर्धी मला द्यायचा, अर्धी स्वतः चघळायचा. पाठीवर हात नाही, शाबासकी नाही. मला तेवढं पुरायचं.

मग त्याचा गुडघा गेला. गाड्यावर उभं राहता येईना, आणि गाडा सुनेच्या हातात गेला.

तिचं नाव तोकिए. म्हाताऱ्याचा मुलगा शुइची सहा महिन्यांच्या कामाला म्हणून सेंदाईला गेला आणि तिकडचाच झाला. नवीन वर्षाला त्याचा फोन येतो. तो गेला तेव्हा अझुकी कडधान्याची पेरणी तोंडावर होती, म्हणून तोकिए थांबली. पेरणी झाली, मग खुरपणी आली, मग काढणी. अशी ती राहूनच गेली. एका छपराखाली सासरा आणि सून, आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं असलं की मला सगळं ऐकू यायचं. जेवताना दोघंही टीव्हीशी बोलायचे.

मला ती पहिल्या दिवसापासून खपली नाही. ती हळू बोलायची. मला ओरडणं कळत होतं, ओरडलं की पळायचं. ही बाई खालच्या आवाजात "हॉ" म्हणायची आणि थांबायची. मी ऐकू न आल्याचं सोंग करायची. मग ती ब्रेक दाबून तशीच उभी राहायची. एकदा बिटाच्या ढिगाशेजारी, पावसात, आम्ही तासभर उभ्या होतो. ती ओरडली नाही, मारलं नाही, खाली उतरली नाही. शेवटी थंडीनं मीच वळले. त्या दिवसाचा राग मी कितीतरी दिवस बाळगला.

मी सात वर्षांची असताना शेतावर तीन पिल्लं आली. तोकिएनं त्यांना धान्यांची नावं दिली. गोमा म्हणजे तीळ, मामे म्हणजे घेवडा, हिए म्हणजे वरी. गोमाच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके होते आणि कान कधी उभे, कधी पडलेले. ती त्याला माझ्याशेजारी बांधायला लागली. माझ्याकडून त्यानं काम शिकावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या उजव्या कानाचं टोक फाडलं. तोकिएनं ते शिवून आणलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत माझ्याशेजारीच बांधलं.

पिल्लं दहा महिन्यांची झाली तसा म्हातारा अंगणात काठी आपटत फिरायला लागला.

"अजून मोकळी हिंडवतेस? या वयात साबी सहा-सहा किलोमीटर ओढत होती."

"म्हणून पाचव्या वर्षीच तिचे खांदे आखडले, बाबा. सकाळी उठताना बघा तिला कधी."

"ढोरांची डॉक्टर कधी झालीस?"

"डॉक्टर नाही झाले. डोळे आहेत."

"बाईसाहेबांना डोळे आहेत," म्हातारा मला म्हणाला. "नवरा निघून जाताना कुठे होते कोण जाणे."

तोकिए बादलीत सामन माशांची डोकी कापत होती. सुरी थांबली नाही. "तुमच्याकडेच बघत होते," ती म्हणाली. "तो तुम्हालाच कंटाळून गेला."

मी म्हाताऱ्याच्या बाजूची होते. तो बोलला की माझं शेपूट हलायचं.

पिल्लं दीड वर्षांची होईपर्यंत तिनं त्यांना गाडा दाखवला नाही. मग ऑगस्टपासून पहाटेच्या गारव्यात थोडं थोडं पळवायला लागली, आधी एक किलोमीटर, मग दोन. गोमा तिचा आवाज ऐकून वळायला शिकला. माझ्याकडून शिकला असं सगळे म्हणायचे. खोटं आहे. मी त्याला फक्त खांद्यानं ढकलायची. तो तिच्याकडून शिकला, आणि ते मला बघवत नव्हतं.

त्या ऑक्टोबरातल्या शर्यतीत तरुण कुत्र्यांचा एक वेगळा गट होता. चारांत एकच कुत्रा मोठा चालायचा, बाकीचे तीन दोन वर्षांच्या आतले हवेत. तोकिएनं आमची नावं दिली. हाकणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, मदतनिसाचा रकाना रिकामा सोडला. म्हाताऱ्यानं तो कागद जेवणाच्या टेबलावर बघितला.

"माझं नाव कुठाय?"

"तुम्हाला काय करायचंय तिथे? ओरडायचं?"

"कुत्री माझी आहे."

"कुत्री तुमची. खायला घालते मी, पळवते मी, तिच्या मागे उभी असते मी."

"माझ्याशिवाय ती वळायची नाही."

"बघू."

"बघच तू," म्हातारा म्हणाला.

शर्यतीचा मार्ग लार्चच्या रानातून जात होता. झाडं पिवळी पडली होती आणि सुयांसारखी पानं रस्त्यावर गळून थर झाला होता, पायाखाली निसरडा. दीड किलोमीटरवर एक फाटा आहे. डावीकडे शर्यतीचा रस्ता, उजवीकडे ओढ्याकडे उतरणारी खडीची वाट. उजवी वाट फीत बांधून बंद केली होती. सकाळी सातला निघालो तेव्हा गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. कुत्र्यांना याहून चांगली हवा मिळत नाही. गोमा माझ्या डाव्या हाताला होता, आमच्या गळ्यांमध्ये हातभर दोर. मामे आणि हिए मागे. आम्ही सुटलो आणि पहिल्या किलोमीटरात एक गाडा मागे टाकला. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मी सगळं विसरले होते.

फाटा दिसला. तोकिए म्हणाली, "हॉ." नेहमीच्याच खालच्या आवाजात.

आणि उजवीकडच्या झाडांतून हाक आली, "साबी! जी! जी!"

तो फितीच्या पलीकडे उभा होता, काठी टेकून. रॉकेलचा वास मला आला.

इथे मी जे सांगते ते नीट ऐका, कारण हे मी कुणाला सांगू शकलेले नाही. मला रस्ता माहीत होता. पुढे गेलेल्या गाड्यांचा वास डावीकडे गेला होता. फीत मला दिसत होती. कोण खरं आणि कोण खोटं हे मला त्या क्षणी कळत होतं. तरी मी उजवीकडे वळले. चुकून नाही, घाबरून नाही. आनंदानं वळले. चार वर्षं मला कुणी तसं बोलावलं नव्हतं.

गोमा डावीकडे वळला होता. मी त्याला मानेनं ओढला. आमच्यामध्ये लार्चचं खोड आलं, दोर त्याच्याभोवती आवळला, मागून मामे आणि हिए आमच्या अंगावर आदळले आणि गाडा त्या पानांवरून आडवा घसरत आला. गोमाचा पुढचा पाय चाकाखाली सापडला. त्याचा आवाज मी सांगणार नाही.

तोकिए फेकली गेली होती. ती उठली, तिचा डावा हात खांद्यापासून लोंबत होता. एका हातानं रांगत ती आली, कमरेचा चाकू दातांनी उघडला आणि आधी गोमाचा दोर कापला. मग मामेचा, मग हिएचा. माझा दोर तिनं कापला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हाताऱ्याकडे बघत होते. माझं शेपूट हलत होतं. मी वळले होते ना, त्यानं बोलावलं तशी. आता तो येईल, खिशात हात घालेल. तो गोमाच्या पायाकडे बघत राहिला आणि एक पाऊल मागे सरकला.

मागून येणाऱ्या गाड्याचा माणूस थांबला. त्यानं पंचांना फोन केला. मुख्य पंच ओनुमाबाई जीपमधून आल्या. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, बुटक्या बाई. त्यांनी आधी गोमाचा पाय फळीला बांधला, मग तोकिएचा हात गळ्यात अडकवला, आणि मग सरळ उभं राहून विचारलं, "बाहेरून कुणी हाक मारली का?"

म्हातारा म्हणाला, "मी नुसता बघत होतो."

"मी तोकिएसानला विचारलं."

तोकिएचे ओठ पांढरे पडले होते. "मारली," ती म्हणाली. "यांनी."

"खात्री आहे? हे लिहिलं तर यांना पुन्हा कुठल्याच शर्यतीत पाय ठेवता येणार नाही."

"माझ्या आवाजावर साबी कधी एवढी खुशीत वळलेली नाही. लिहा."

म्हातारा काठीवर पुढे वाकला. "घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतेस?"

"आणलं तुम्ही, बाबा. मी फक्त लपवत नाही."

ओनुमाबाईंनी लिहिलं. म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं कुत्रे पळवले होते, आणि ते एका ओळीत संपलं.

त्यानंतर त्या घरात दोघं राहणं शक्य नव्हतं. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्यानं सामान बांधलं. गावात स्टेशनामागे त्याच्या वारलेल्या बहिणीचं घर रिकामं होतं, तिकडे तो निघाला. तोकिएनं मला साखळीसकट आणून त्याच्या गाडीशी उभं केलं. "ही तुमची," ती म्हणाली. "घेऊन जा."

तिथे मी जवळजवळ वर्षभर राहिले. पत्र्याच्या पागोळीखाली माझी साखळी होती. छतावरचा बर्फ घसरला की अर्धा माझ्या अंगावर पडायचा. म्हातारा दिवसभर रॉकेलच्या शेगडीपाशी बसून सुमोच्या कुस्त्या बघायचा. मला भात आणि माशाचं पाणी वेळेवर मिळायचं. मी वाट बघायची, आज जुंपेल, उद्या जुंपेल. डिसेंबर गेला, बर्फ आला. मागच्या रस्त्यावरून कुत्र्यांच्या गाड्या जायच्या, कुत्रे भुंकायचे, आणि तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

शेजारी एक न्हावी राहायचा. बर्फ उपसायला दोघं एकदमच बाहेर यायचे. एक दिवस त्यानं विचारलं, "सेनकिचीसान, त्या दिवशी नक्की झालं काय हो?"

म्हाताऱ्यानं फावडं टेकवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही म्हातारी झाली. डोकं चालेना. डावं-उजवं कळलं नाही तिला."

"अरेरे. एवढी हुशार कुत्री होती म्हणतात."

"होती," म्हातारा म्हणाला.

न्हावी गेल्यावर तो माझ्यासमोर बसला, गुडघा धरून, कष्टानं. बऱ्याच महिन्यांनी त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "का वळलीस गं तू?" तो म्हणाला. "एवढं कळू नये?" आणि खिशातून माकूळची पट्टी काढून माझ्यापुढे टाकली.

मी ती खाल्ली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बर्फात ती तशीच गोठून गेली आणि मार्चमध्ये कावळ्यांनी नेली.

सप्टेंबरच्या शेवटी तोकिए आली. ट्रकच्या मागे कुत्र्यांचे लाकडी खण होते आणि एका खणाच्या जाळीतून गोमाचं ठिपक्यांचं नाक दिसत होतं. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे ती दार लावत होती तेव्हाच कळलं. म्हातारा दारात आला. कुणी कुणाला नमस्कार केला नाही.

"साबीला न्यायला आलेय," ती म्हणाली. "शर्यतीपुरती."

"का? तुझी हुशार पिल्लं कुठे गेली?"

"गोमाचा पाय जुळला. पळतो. पण फाटा आला की थांबतो. जागच्या जागी, थरथरत. डावीकडे म्हणा, उजवीकडे म्हणा. महिनाभर झाला, मी थांबून बघितलं, पुढे चालून बघितलं. नाही जमत."

"मग सोडून दे त्याला."

"सोडायचा की नाही ते मी बघेन. ज्या कुत्रीमुळे तो थांबतो, ती शेजारी असताना वळला तर वळेल. नाहीतर नाही."

म्हातारा हसला. "हिच्याकडून शिकवणार? हिला काही कळत नाही आता. त्या दिवशीच कळलं नव्हतं."

तोकिए पायऱ्यांपर्यंत आली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "गावभर हेच सांगत फिरता म्हणे. मी चार वर्षं हिच्या मागे उभी राहिलेय, बाबा. हिच्या कानांवरून मला हवा कळते. त्या दिवशी हिला सगळं कळत होतं. म्हणून तर मी हिला अजून माफ केलेलं नाही."

मी उठून उभी राहिले. दोघांनाही ते दिसलं.

तिनं साखळी सोडली. "चल," ती म्हणाली, आणि ट्रककडे चालू लागली. मागे वळून बघितलं नाही.

"साबी," म्हातारा म्हणाला. "बस."

मी गेले. खांद्यांमुळे मला उडी मारता येत नाही, म्हणून तिनं मला एका हातानं उचलून खणात टाकलं, पोतं टाकावं तसं. मधल्या फळीच्या पलीकडून गोमा शेतापर्यंत गुरगुरत राहिला.

पहिल्या फाट्यावर तो थांबला. त्याचे चारही पाय हलत होते. तोकिए "हॉ" म्हणाली आणि ब्रेक दाबून उभी राहिली. मी डावीकडे वळले, पण दोर ताणला जाईल तिथपर्यंतच. मग थांबले. त्याला ओढलं नाही, ढकललं नाही. पाऊस आला. बिटाच्या ढिगाशेजारी त्या बाईनं मला जसं थांबवलं होतं, तशी मी थांबले. मला त्यात काही थोरपणा वाटत नाही. मला दुसरं काय करायचं ते माहीतच नव्हतं. बऱ्याच वेळानं तो एक पाऊल माझ्या दिशेनं आला, आणि त्यानं दात दाखवले.

असे तीन आठवडे गेले.

परवा शर्यत झाली. चौदा गाड्यांत आमचा अकरावा आला. त्या फाट्यावर गोमा क्षणभर अडखळला. तोकिए म्हणाली, "हॉ." आणि मी वळायच्या आधी तो वळला. त्याचा खांदा माझ्यावर आदळला, जोरात, मुद्दाम असेल किंवा नसेल. मी रस्त्याच्या कडेला ढकलली गेले आणि त्याच्या मागून धावत राहिले. शेवटच्या किलोमीटरात मी ओढत नव्हते, नुसती पळत होते. तोकिएला ते कळलं असणार.

दोर सोडताना तिनं आधी गोमाचे पट्टे काढले, मग मामेचे, हिएचे, शेवटी माझे. ओल्या फडक्यानं माझे पंजे पुसले. "झालं तुझं," ती म्हणाली. मला थोपटलं नाही. संध्याकाळी म्हाताऱ्याचा फोन आला, कितवा नंबर आला म्हणून. "अकरावा," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आता मी इथेच आहे, शेतावर, यंत्रांच्या शेडमध्ये, पेंढ्यावर. म्हाताऱ्याकडे मला परत पाठवलेलं नाही आणि राहा असंही कुणी म्हटलेलं नाही. गोमाची साखळी माझ्यापासून तीन हातांवर आहे. खाताना तो माझ्याकडे पाठ करतो. त्याच्या कानाचं टोक अजून शिवणीजवळ वाकडं आहे. सकाळी उठायला मला तीनदा प्रयत्न करावा लागतो, आणि तेवढा वेळ तो माझ्याकडे बघतो, हे मला माहीत आहे.

माझी कीव करू नका. ती मला नको आहे. एकच मागणं आहे, तेही माझ्यासाठी नाही. पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही कधी इकडे आलात, त्या लार्चच्या रानात फितीमागे उभे राहिलात, आणि ठिपक्यांचा एक कुत्रा पुढे घेऊन एखादा गाडा आला, तर त्याला मनसोक्त बघा. त्याचं नाव तुम्हाला आता माहीत झालंय. ते घेऊ नका.